ड्राफ्टमध्ये राहून गेलेले खेळाडू कसे हेरायचे : एप्रिल ते डिसेंबर

एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा ड्राफ्ट, म्हणजे संघांनी आळीपाळीने कॉलेजातले खेळाडू निवडायचा कार्यक्रम, सात फेऱ्यांचा असतो. ३२ संघ मिळून सुमारे २५७ खेळाडू उचलतात. शेवटचं नाव पुकारलं जातं तेव्हा गोव्यात रविवारची पहाट झालेली असते, चार-साडेचारच्या सुमारास. त्यानंतर ज्यांचं नाव आलंच नाही ते कुठल्याही संघाशी करार करायला मोकळे होतात. संघांचे फोन खरं तर सातवी फेरी चालू असतानाच सुरू झालेले असतात. अशा खेळाडूंना अनड्राफ्टेड म्हणतात, आणि त्यांच्यातला कोण टिकेल हे ताडायचं एक ठरावीक तंत्र आहे. मित्रांची डायनेस्टी फँटसी लीग (खऱ्या खेळाडूंचा कागदी संघ वर्षानुवर्षं सांभाळायचा खेळ) चालवणाऱ्यांना ते हवंच. नुसता खेळ बघणाऱ्यालाही ऑगस्टमधल्या निरर्थक वाटणाऱ्या सामन्यांत त्यामुळे रस येतो. (इथे फुटबॉल म्हणजे सगळीकडे अमेरिकन फुटबॉल. फातोर्ड्याच्या मैदानावरचा नव्हे.)

तंत्राचा गाभा एवढाच की खेळाडू शोधण्याआधी रिकामी जागा शोधायची. बहुतेक लोक उलट करतात. कॉलेजातली हायलाइट्स बघतात, नावाच्या प्रेमात पडतात आणि ज्या संघात त्या पोझिशनवर सहा जण आधीच पक्के आहेत तिथे सातव्याची वाट बघत बसतात.

राहून गेला, पण कशामुळे?

प्रत्येक नावापुढे आधी हे कारण लिहा. कारण कळलं की अर्धं काम झालं, कारण काही उणिवा पुढे भरून निघतात आणि काही कधीच निघत नाहीत.

लहान कॉलेज हे सगळ्यात चांगलं कारण. डिव्हिजन दोनच्या, म्हणजे दुय्यम स्पर्धेतल्या, कॉलेजात खेळणाऱ्याला कम्बाइनचं आमंत्रण मिळायची शक्यता फार कमी. कम्बाइन म्हणजे फेब्रुवारीअखेर इंडियानापोलिसला होणारी चाचणी, तिथे सव्वातीनशेच्या आसपास मुलं बोलावतात. आमंत्रण नाही म्हणजे नुसती धावण्याची वेळ हुकली असं नाही, सगळ्या संघांच्या डॉक्टरांनी एकत्र केलेली तपासणीही हुकली. मग कुठलाच संघ त्याच्यावर ड्राफ्टची निवड खर्च करायला धजत नाही. ऑस्टिन एकेलर २०१७ साली कोलोरॅडोतल्या अशाच एका छोट्या कॉलेजातून आला आणि २०२१ व २०२२ या दोन्ही हंगामांत टचडाउनच्या, म्हणजे चेंडू शेवटच्या पट्ट्यात नेण्याच्या, यादीत अव्वल होता. माल्कम बटलर वेस्ट अलाबामाचा. २०१४ मध्ये त्याला करारही मिळाला नव्हता, फक्त रूकी मिनीकॅम्पला (नवख्यांच्या छोट्या शिबिराला) चाचणीसाठी बोलावलं होतं. त्याच हंगामाच्या शेवटी सुपर बोल ४९ या अंतिम सामन्याचा निकाल ठरवणारा इंटरसेप्शन त्याने घेतला, म्हणजे समोरच्याचा पास मधेच झेलला.

उंची कमी असणं हे दुसरं कारण. रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा), स्लॉट रिसीव्हर (आतल्या बाजूचा पास झेलणारा), निकेल कॉर्नर (त्याला रोखणारा) या जागांवर उंचीवाचून फारसं अडत नाही. बाहेरच्या टॅकलला (पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकचं रक्षण करणारा) आणि एज रशरला (कडेने क्वार्टरबॅकवर धावून जाणारा) अडतं, तिथे हातांची लांबीही बघतात. जेम्स हॅरिसन सहा फुटांचा एज रशर. संघांनी त्याला वारंवार सोडलं, आणि २००८ चा सर्वोत्तम बचावपटू तोच ठरला. पण हॅरिसन अपवाद आहे, त्याच्याकडे बोट दाखवून प्रत्येक बुटक्या रशरला यादीत घेऊ नका.

तिसरं कारण म्हणजे खेळ किंवा पोझिशन बदललेली असणं. अँटोनिओ गेट्स केंट स्टेटला बास्केटबॉल खेळायचा, कॉलेजात त्याने फुटबॉल खेळलाच नाही. २००३ मध्ये चार्जर्सनी घेतला, ११६ टचडाउन करून टाइट एंडचा (अडवणारा आणि पासही झेलणारा) विक्रम केला आणि २०२५ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. जेसन पीटर्स २००४ मध्ये टाइट एंड म्हणून आला आणि टॅकल बनून नऊ वेळा प्रो बोलला (वर्षातल्या उत्तम खेळाडूंत) निवडला गेला. गोव्यातल्या वाचकाला सगळ्यात जवळचा वाटेल असा माणूस ब्रँडन ऑब्री. हा आपल्या ओळखीचा फुटबॉल खेळणारा. २०१७ मध्ये टोरोंटो एफसीने त्याला एमएलएस या सॉकर लीगच्या ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत घेतलं होतं. तिथे जमलं नाही, मग सॉफ्टवेअर इंजिनिअर झाला, मग यूएसएफएल या दुय्यम लीगमध्ये किकर, आणि २०२३ मध्ये डॅलस काउबॉइजकडे. कारकिर्दीतले पहिले ३५ फील्ड गोल त्याने ओळीने मारले. अशा माणसाला वेळ द्यावा लागतो, पहिल्या वर्षी काही दिसलं नाही तरी नाव खोडू नका.

गुडघ्याच्या किंवा पाठीच्या जुन्या दुखण्यामुळे राहून गेलेला असेल तर मात्र सोडून द्या. डॉक्टरांचे कागद संघांकडे असतात, आपल्याकडे नसतात. ३२ संघांनी बघून नको म्हटलं असेल तर त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहिती होती.

उरली वेळ. ४० यार्ड, म्हणजे साडेछत्तीस मीटर, धावायला कोणाला किती लागले यावर फार चर्चा होते. त्याऐवजी पहिल्या १० यार्डांचा आकडा बघा. रिसीव्हर आणि रनिंग बॅकला १.५५ सेकंदांच्या आसपास हवा, १.६५ च्या वर गेला की अडचण. खेळात सरळ ४० यार्ड धावायची वेळ क्वचित येते, पहिली चार पावलं प्रत्येक डावाला टाकावी लागतात. आणि आकडा कम्बाइनचा की कॉलेजने स्वतः घेतलेल्या चाचणीचा, म्हणजे प्रो-डेचा, हे तपासा. प्रो-डेला अनेकदा हाताने घड्याळ दाबतात, म्हणून ४० यार्डांच्या वेळेत पाच शतांश सेकंद मिळवूनच तुलना करा. सगळे आकडे जुळवत बसायचा कंटाळा असेल तर आरएएस नावाचा शून्य ते दहाचा गुणांक बघावा. त्याच पोझिशनवरच्या जुन्या खेळाडूंशी तुलना करून तो काढलेला असतो. आठच्या वर गुण आणि लहान कॉलेज हे दोन्ही एकत्र आलं की त्या नावाखाली रेघ मारा.

शनिवारची रात्र

ड्राफ्टचा तिसरा दिवस, चौथी ते सातवी फेरी. तिकडे दुपारी बाराला सुरू होतं, आपल्याकडे रात्री साडेनऊ. तोवर तुमच्याकडे चाळीसेक नावं तयार हवीत. वही घ्या किंवा स्प्रेडशीट उघडा. रकाने हे ठेवा : नाव, पोझिशन, कॉलेज, वय, राहून जायचं कारण, १० यार्डांची वेळ, कॉलेजात स्पेशल टीम्सवर (चेंडू लाथाडायच्या वेळच्या तुकड्यांत) खेळला का, संघ, हमीची रक्कम, संघात मोकळ्या जागा किती. शेवटचे तीन रकाने आज रात्रीनंतर भरायचे.

वयाचा रकाना हल्ली महत्त्वाचा झाला आहे. २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावता येतात. त्यामुळे पूर्वी पाचव्या-सहाव्या फेरीच्या आशेने ड्राफ्टला उतरणारे बरेच जण आता आणखी एक वर्ष कॉलेजातच काढतात आणि २४ वर्षांचे होऊन येतात. २१ वर्षांच्या मुलांसमोर २४ वर्षांच्या गड्याने गाजवलेला हंगाम बघून हुरळून जाऊ नका.

रात्रभर जागायची गरज नाही. सहाव्या फेरीपर्यंत झोपा, साडेतीनला उठा. आता नजर निवडींपेक्षा संघांच्या गरजांवर हवी. एखाद्या संघाने सातही फेऱ्यांत एकही सेफ्टी (मागच्या रांगेतला बचावपटू) घेतला नाही आणि त्यांच्याकडे तिघेच आहेत, तर पुढच्या दोन तासांत ते दोन-तीन अनड्राफ्टेड सेफ्टी नक्की घेणार. त्यातला एक टिकायची शक्यता खरीखुरी आहे.

सातव्या फेरीत कुठल्याही संघाने उचलावं त्यापेक्षा आपण राहून गेलेलं बरं, असं काही एजंटांना मनापासून वाटतं. ड्राफ्ट झालेल्याला संघ निवडता येत नाही, अनड्राफ्टेडला येतो. टोनी रोमोला २००३ मध्ये डेन्व्हर जास्त बोनस देत होतं. तो डॅलसला गेला, कारण तिथल्या क्वार्टरबॅकांची रांग ओलांडण्याजोगी होती. चांगला एजंट हे गणित तुमच्याआधी करतो. म्हणून चार-पाच संघ ज्याच्या मागे लागलेत तो खेळाडू कुठे गेला हे बघितलं की मोकळी जागा कुठे आहे हे फुकटात कळतं.

पहाटे ज्या बातम्या येतात त्यांत दोन प्रकार मिसळलेले असतात, ते वेगळे करा. ‘करार करणार’ म्हणजे ९० जणांच्या रोस्टरमध्ये, संघाच्या यादीत, जागा. ‘मिनीकॅम्पला बोलावलं’ म्हणजे फक्त दोन-तीन दिवसांची चाचणी, हातात कागद काहीच नाही. बटलर दुसऱ्या दारातून आत आला. २०१३ मध्ये मिनेसोटाचा अ‍ॅडम थीलनही तसाच आला. पण चाचणीला आलेले बहुसंख्य सोमवारी घरी जातात. त्यांच्यासाठी वहीचं वेगळं पान ठेवा आणि मे महिन्यात ज्याला करार मिळाला त्यालाच मुख्य पानावर घ्या. संघाची अधिकृत यादी यायला काही दिवस जातात. वैद्यकीय तपासणीत एखाद-दुसरं नाव गळतंच.

पैसे बोलतात

अनड्राफ्टेडचा करार तीन वर्षांचा असतो, ड्राफ्ट झालेल्याचा चार. सुरुवातीच्या बोनसवर प्रत्येक संघाला एकूण मर्यादा असते. पण पगारातली काही रक्कम हमीची करून देता येते, आणि खरी ओढाताण तिथे होते. ओव्हर द कॅप आणि स्पॉटरॅक या साइट्सवर मे महिन्यात हे आकडे येतात. ज्याला दीड-दोन लाख डॉलरची हमी मिळाली, त्याला संघ निदान प्रॅक्टिस स्क्वॉडवर, म्हणजे सरावापुरत्या राखीव तुकडीत, ठेवायच्या विचारात आहे. ज्याला पाच हजाराचा बोनस मिळाला तो सराव शिबिरात माणसं पुरी पडावीत म्हणून आणलेला असू शकतो. एकाच संघाच्या पंधरा अनड्राफ्टेडांत पहिले तीन कोण हे बघा. दोन वेगवेगळ्या संघांच्या रकमा एकमेकींशी ताडू नका, काही संघ मुळातच हात आखडता ठेवतात.

जागा कशा मोजायच्या

हा भाग सावकाश करा, बाकी सगळं यावर उभं आहे.

शिबिरात ९० जण, हंगामाच्या सुरुवातीला ५३. या ५३ ची साधारण विभागणी अशी : क्वार्टरबॅक २-३, रनिंग बॅक ३-४, रिसीव्हर ५-६, टाइट एंड ३-४, ऑफेन्सिव्ह लाइन ९-१०, डिफेन्सिव्ह लाइन आणि एज मिळून ९-१०, लाइनबॅकर ५-६, कॉर्नर ५-६, सेफ्टी ४-५, आणि किकर, पंटर, लाँग स्नॅपर एकेक. आवरलॅड्स या साइटवर प्रत्येक संघाची डेप्थ चार्ट, म्हणजे जागेनुसार खेळाडूंची क्रमवारी, मिळते.

रिसीव्हरचं उदाहरण घेऊ. समजा संघ सहा ठेवतो आणि शिबिरात अकरा आहेत. पहिले तीन मोठ्या पगाराचे, त्या जागा बंद. चौथा गेल्या दोन वर्षांत पहिल्या तीन फेऱ्यांत घेतलेला. तो कितीही वाईट खेळला तरी त्याला सोडत नाहीत, कारण ज्याने त्याला निवडलं तोच माणूस ऑगस्टमध्ये यादी ठरवायला बसलेला असतो. म्हणजे चार बंद, दोन मोकळ्या, दावेदार सात. त्या सातांत एक यंदाचा पाचव्या फेरीचा रूकी असेल तर त्याला अर्धी जागा द्या. किक परतवणारा एखादा असेल तर आणखी अर्धी. उरली एक जागा आणि पाच जण. आता त्या पाचांतला अनुभवी कोण ते शोधा आणि त्याचा करार उघडा. त्याला सोडल्यावर संघाचे किती वाचतात आणि किती बुडतात हे दोन आकडे दिलेले असतात. पगार तीस लाख, बुडीत पाच लाख, म्हणजे सोडला तर पंचवीस लाख डॉलर वाचतात. अशा माणसाची जागा कागदावर भरलेली दिसते, पण ती मोकळीच समजा.

शेवटी मोकळ्या जागा भागिले दावेदार असा अपूर्णांक येईल. तीन जणांत एक जागा असेल तर लक्ष ठेवण्यासारखं. सहा जणांत एक असेल तर खेळाडू कितीही आवडता असो, खाली ढकला.

हे गणित चुकतंही. २०१८ मध्ये डेन्व्हरने तिसऱ्या फेरीत रनिंग बॅक घेतला होता, तरी अनड्राफ्टेड फिलिप लिंडसीने त्याला मागे टाकून १,०३७ यार्ड धावले. रनिंग बॅकच्या बाबतीत ड्राफ्टची फेरी कमी मोजावी, तिथे पहिल्या महिन्यातच कोण बरा ते उघड होतं. क्वार्टरबॅकच्या बाबतीत नेमकं उलट. रोमो २००३ मध्ये आला आणि मैदानावर खऱ्या अर्थाने उतरला तो ऑक्टोबर २००६ मध्ये.

जूनच्या बातम्या जपून घ्या

मे-जूनमध्ये जे सराव होतात ते पॅडशिवाय, बनियन-चड्डीवर. त्या वेळी प्रत्येक संघाचा वार्ताहर एका अनड्राफ्टेड रिसीव्हरचं कौतुक लिहितो. त्याला अडवायला कोणी अंगाला हातही लावत नसतं. अशा बातम्यांतून एकच गोष्ट टिपायची : तो पहिल्या, दुसऱ्या की तिसऱ्या तुकडीबरोबर उभा होता. जुलैअखेर शिबिर सुरू झाल्यावर काही दिवसांनी पॅड चढतात. खरी मोजणी त्या दिवसापासून.

रनिंग बॅक असेल तर धावण्यापेक्षा अडवणं बघा. धावून येणाऱ्या लाइनबॅकरसमोर छाती काढून उभं राहायच्या सरावात कोण टिकला हे वार्ताहर नावानिशी लिहितात. २०२२ मध्ये पिट्सबर्गचा जेलन वॉरन याच कामामुळे वर आला. ज्याच्यामुळे क्वार्टरबॅकला मार बसतो त्याला तिसऱ्या डाउनला, म्हणजे बहुधा पास फेकायच्या वेळी, कोणी मैदानावर ठेवत नाही, मग तो कितीही चपळ असो.

ऑगस्टमधल्या पहाटा

प्रत्येक संघाचे प्री-सीझन सामने तीन. संध्याकाळी सातचा सामना आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला, पश्चिम किनाऱ्यावरचा सकाळी साडेसातला. पावसात वीज जाते हे धरून चाला, मोबाइल रात्रीच चार्ज करून ठेवा. डॅझन या स्ट्रीमिंग सेवेवरच्या गेम पासवर मागाहूनही सामना बघता येतो, मधला वेळ कापलेली सुमारे चाळीस मिनिटांची आवृत्तीही असते. पैसे भरण्याआधी त्या पॅकमध्ये प्री-सीझन धरलाय का तेवढं बघून घ्या. एका बाबतीत आपली वेळ सोयीची आहे. पोदेराचा (पाववाल्याचा) भोंपू वाजतो त्या सुमारास तिसरा क्वार्टर सुरू होतो, आणि आपली माणसं मैदानावर येतात ती तेव्हाच.

यार्ड मोजू नका. चौथ्या क्वार्टरमध्ये समोरच्या संघाचेही उद्या घरी जाणारे खेळत असतात, त्यांच्याविरुद्धच्या ८० यार्डांना अर्थ नाही. तीन गोष्टी लिहा : पहिल्यांदा कुठल्या क्वार्टरमध्ये आला, क्वार्टरबॅक कितव्या क्रमांकाचा होता, आणि स्पेशल टीम्सवर किती वेळा दिसला. सामन्यानंतर निघणाऱ्या गेमबुकमध्ये (अधिकृत आकडेवारीत) प्रत्येकाचे स्नॅप, म्हणजे तो किती डावांना मैदानावर होता, हे असतं. पहिल्या सामन्यात तिसऱ्या क्वार्टरला आलेला दुसऱ्या सामन्यात पहिल्या क्वार्टरच्या शेवटी दिसला तर तो वर सरकतोय. आणि तिसऱ्या सामन्यात दुखापत नसताना उतरवलाच नाही तर बहुधा त्याची जागा पक्की झाली.

स्पेशल टीम्सचं इतकं का? सामन्याच्या दिवशी ५३ पैकी फार तर ४८ जण कपडे चढवतात. पाचव्या-सहाव्या रिसीव्हरला आणि चौथ्या सेफ्टीला त्यात जागा मिळते ती पंट (चेंडू लाथेने समोरच्या संघाकडे दूर सोपवणं) आणि किकऑफच्या (खेळ सुरू करणारी लाथ) चार तुकड्यांत काम करतो म्हणून. २०२४ मध्ये किकऑफचा नियम बदलल्यापासून चेंडू परतवण्याचं प्रमाण वाढलं, तशी या लोकांची किंमतही वाढली.

एक पंट कसा बघायचा ते सांगतो. चेंडूवरून नजर काढा. दोन्ही टोकांना, बाजूरेषेजवळ एकेक माणूस उभा असतो, तो गनर. किक होण्याआधी पुढे पळायची मुभा फक्त त्या दोघांना. त्याच्यासमोर एक किंवा दोन जण अडवायला असतात. दोन असतील तर समोरचा संघ त्याला घाबरतो, हे लिहून ठेवा. स्नॅपपासून (चेंडू मागे दिल्यापासून) किकपर्यंत दोन सेकंद, चेंडू हवेत साडेचार सेकंद. म्हणजे साडेसहा सेकंदांत धक्के खात ४५ यार्ड गाठायचे. पहिल्या दोन पावलांत तो अडवणाऱ्याच्या कुठल्या खांद्याबाहेरून निसटतो ते बघा. रेषेबाहेर ढकलला गेला तर लगेच आत येतो का? आणि शेवटी, चेंडू झेलणाऱ्यापासून पाचेक यार्डांवर, पावलं आखूड करतो का? जे भरधाव जाऊन झेपावतात त्यांना झेलणारा एका वळणात चुकवतो. आखूड पावलांनी आलेल्याला बघून तो हात वर करून फेअर कॅच, म्हणजे पुढे न पळता नुसता झेल, घेतो. आकड्यांच्या तक्त्यात गनरच्या नावावर काहीच लागत नाही, पण प्रशिक्षकाच्या वहीत ते लागतं. तीन सामन्यांत हे चार-पाच वेळा दिसलं तर नाव वर न्या.

व्हिक्टर क्रूझने २०१० च्या प्री-सीझनला जेट्सविरुद्ध तीन टचडाउन झेलले आणि एका रात्रीत त्याचं नाव झालं. त्या हंगामात त्याला पुढे एकही झेल मिळाला नाही. १,५३६ यार्ड आले ते २०११ मध्ये. टिकायला लागणारं आणि चमकायला लागणारं एकाच वर्षी येईल असं नाही.

कट, वेव्हर आणि त्यानंतरचे चोवीस तास

२०२३ पासून ९० वरून ५३ वर एकाच दमात यावं लागतं. २०२५ ची मुदत होती २६ ऑगस्टला तिकडचे दुपारी चार, म्हणजे आपल्याकडे २७ तारखेला, ऐन चवथीच्या दिवशी, मध्यरात्रीनंतर दीड. वेव्हरवरून (सोडलेल्या खेळाडूंच्या यादीतून) खेळाडू मागायची मुदत आपल्या त्याच दिवशी रात्री साडेनऊची, आरती आटोपल्यावर मोबाइल हातात घेता येईल अशी.

कट झालेलं नाव लगेच खोडणं ही सगळ्यात नेहमीची चूक. चार हंगाम पूर्ण न केलेला प्रत्येक खेळाडू आधी वेव्हरवर जातो. दुसऱ्या संघाने मागितला तर त्याला थेट ५३ मध्ये घ्यावं लागतं. मागणीचा क्रम पहिले तीन आठवडे ड्राफ्टच्या क्रमासारखा, नंतर चालू गुणतक्त्याप्रमाणे उलटा. म्हणून तळाच्या चार-पाच संघांच्या मोकळ्या जागाही तुमच्या वहीत हव्यात. कोणी मागितलं नाही तर बहुधा स्वतःचाच संघ त्याला प्रॅक्टिस स्क्वॉडवर घेतो. तिथे १६ जागा, त्यांतल्या सहा कितीही अनुभव असलेल्यांना देता येतात. म्हणजे नवख्यांना हमखास दहाच.

५३ ची पहिली यादीही अंतिम नसते. दुखापतींच्या यादीत माणसं हलवली की एक-दोन जागा उघडतात, आणि तात्पुरते सोडलेले अनुभवी खेळाडू परत येतात. त्यामुळे शेवटच्या क्रमांकावर टिकलेला अनड्राफ्टेड चोवीस तासांनी बाहेर दिसू शकतो. गुरुवारपर्यंत काही ठरवू नका.

‘वेव्ह्ड-इंजर्ड’ (दुखापतीसह सोडलेला) असा शिक्का दिसला तर मात्र तो हंगाम गेला. मागणी आली नाही तर तो त्याच संघाच्या दुखापतयादीत जातो आणि साधारणपणे वर्ष तिथेच संपतं किंवा पैसे चुकते करून त्याला सोडतात.

सप्टेंबरनंतर

आता आठवड्याला दहा मिनिटं पुरतात. प्रॅक्टिस स्क्वॉडवरच्या खेळाडूला सामन्यापुरतं वर घेता येतं, एका सामन्याला दोघांना, आणि एकाला हंगामात तीनच वेळा. चौथ्यांदा हवा असेल तर ५३ मध्ये घेणं भाग. म्हणून तिसरी बढती दिसली की त्याच आठवड्यात हालचाल करा, पुढच्या आठवड्यात तुमच्या लीगमधला दुसरा कोणीतरी जागा होईल.

दुसरा संघही प्रॅक्टिस स्क्वॉडवरून माणूस उचलू शकतो, पण त्याला ५३ मध्ये घेऊन निदान तीन आठवड्यांचा पगार द्यावा लागतो. पैशांतला फरक मोठा आहे. २०२५ मध्ये प्रॅक्टिस स्क्वॉडचे आठवड्याला १३,००० डॉलर होते, तर ५३ मधल्या रूकीचे हंगामाचे किमान ८,४०,०००, म्हणजे आठवड्याला ४६,००० च्या वर. त्यामुळे बोलावणं आल्यावर सहसा कोणी थांबत नाही. आपला संघ त्याच पैशांत वर घ्यायला तयार झाला तरच थांबतो. तसं झालं तर समजा की प्रशिक्षकांचा जीव त्याच्यात अडकलाय.

प्रो फुटबॉल रेफरन्सवर स्नॅपची टक्केवारी दर आठवड्याला बघा. स्पेशल टीम्सवर ६० टक्के आणि आक्रमणात पाच टक्के, हा सुरुवातीचा नेहमीचा नमुना. आक्रमणातले पाचाचे पंधरा झाले की समजावं संघाच्या डावांचं प्लेबुक त्याला उमगलंय. त्यानंतर एकाच गोष्टीची वाट असते, वरच्याच्या दुखापतीची. कर्ट वॉर्नर १९९४ मध्ये राहून गेला होता. आयोवातल्या किराणा दुकानात फळ्यांवर माल लावून, अरीना फुटबॉल आणि युरोप करून तो रॅम्सकडे आला. १९९९ च्या प्री-सीझनला ट्रेंट ग्रीनचा गुडघा गेला आणि वॉर्नर त्याच हंगामात एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) आणि सुपर बोलचा मानकरी झाला.

डायनेस्टी लीग असेल तर टॅक्सी स्क्वॉडच्या (नवख्यांसाठी राखीव) सगळ्या जागा अनड्राफ्टेडांनी भरू नका. पाच जागा असतील तर दोन पुरे, त्यातला एक रनिंग बॅक. रनिंग बॅकचा निकाल एका वर्षात लागतो, रिसीव्हरला दोन हंगाम द्या, टाइट एंडला तीन. एरियन फॉस्टर २००९ मध्ये कट होऊन प्रॅक्टिस स्क्वॉडवर गेला, नोव्हेंबरात वर आला आणि २०१० मध्ये १,६१६ यार्डांसह लीगमध्ये पहिला होता. थीलनचं पहिलं वर्ष प्रॅक्टिस स्क्वॉडवर, दुसरं जवळजवळ पूर्ण स्पेशल टीम्सवर, आणि हजार यार्ड आले २०१७ मध्ये, पाचव्या वर्षी. इतकं थांबायला लीगचे नियम मुभा देत नसतील तर रिसीव्हरच्या नादी लागू नका. पैसे लावून खेळायचा विचारही नको. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले आहेत, हरणाऱ्याने भाजी-पाव द्यावा.

नाव खोडायचं कधी? तीन खुणा आहेत. दुसऱ्या शिबिरात तो अजूनही तिसऱ्या तुकडीबरोबर असेल. संघाने त्याच पोझिशनवर पहिल्या तीन फेऱ्यांत नवा माणूस घेतला असेल. किंवा त्याला आणणारा प्रशिक्षक गेला असेल आणि नव्याने आपल्या जुन्या संघातला ओळखीचा माणूस बरोबर आणला असेल. यांतल्या दोन दिसल्या की खोडा. एकच दिसली तर ऑगस्टपर्यंत ठेवा, आणि पहिल्या प्री-सीझन सामन्यात पंटच्या वेळी तो गनरच्या जागी उभा आहे का तेवढं बघून ठरवा.